कोरम भरेपर्यंत थांबणारे जिवाणू

कांद्याच्या टोपलीत हात घालावा आणि बोट एखाद्या कांद्यात सरळ आत जावं, असं प्रत्येक घरात कधी ना कधी होतं. वरची सालं कोरडी, रंगही जागच्या जागी, आणि आत सगळं बुळबुळीत. घाण वासाचं पाणी मनगटापर्यंत ओघळतं. दोन दिवसांपूर्वी टोपली निवडली तेव्हा हाच कांदा हाताला टणक लागला होता. चाळीत कांदा साठवणाऱ्या शेतकऱ्याला तर पावसाळ्यात हा वास लांबूनच कळतो, आणि कळतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

कांदा बुरशीनेही सडतो. पण हा पाणी सुटणारा, लगदा करणारा प्रकार, म्हणजे मऊ कूज, जिवाणूंचा. त्यातला एक मुख्य आरोपी म्हणजे पेक्टोबॅक्टेरियम. बटाटा, गाजर, कोबी, कांदा, सगळ्यांवर तो हात चालवतो. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. पेरूची जेली ज्याच्यामुळे घट्ट होते, तेच हे पेक्टिन. पेक्टोबॅक्टेरियम ते विरघळवणारी एन्झाइम्स बाहेर सोडतो. सांधा सुटला की भिंत ढासळते, पेशींमधला रस बाहेर येतो आणि जिवाणूंचं जेवण सुरू होतं.

मला या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो तो त्या दोन दिवसांचा. जिवाणू आत आधीच शिरलेला होता. एन्झाइम बनवण्याची जनुकं त्याच्याकडे पहिल्या क्षणापासून होती. तरी त्याने ती दाबून ठेवली. का? कारण मूठभर जिवाणूंनी एन्झाइम सोडलं तर विरघळणार चिमूटभर, आणि पेशी फुटल्याची खबर मात्र झाडाला लागणार. झाड मग बचावाची रसायनं सोडतं, पेशींच्या भिंती जाड करतं. म्हणजे मेहनत वाया आणि शत्रू सावध. त्यापेक्षा गपचूप वाढत राहायचं आणि पुरेशी संख्या झाली की सगळ्यांनी एकदम तुटून पडायचं, हे शहाणपणाचं. गाव करील ते राव काय करील, ही म्हण जिवाणूंच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे.

पण ज्याला डोळे नाहीत, मज्जातंतू नाहीत, जो आख्खा मिळून एकच पेशी आहे, त्याने आपण किती जण आहोत हे मोजायचं कसं?

उत्तर वासाच्या हिशेबात आहे. देवघरात एक उदबत्ती लावली तर तिचा वास जेमतेम शेजारच्या खोलीत जातो. त्याच देवघरात पन्नास लावल्या तर डोळे चुरचुरतात. डोळे मिटून बसलेला माणूससुद्धा केवळ वासाच्या दाटपणावरून किती उदबत्त्या जळताहेत याचा अंदाज बांधू शकतो. जिवाणू हेच करतात. प्रत्येक जण एक छोटासा रेणू सतत थोडा थोडा बाहेर सोडत राहतो. एकटा असला तर तो रेणू आजूबाजूला विरून जातो. गर्दी झाली की तो साचतो. साचण्याने एक ठरावीक पातळी ओलांडली की प्रत्येक जिवाणूला आतून कळतं, आता आपण पुरेसे आहोत.

याला कोरम सेन्सिंग म्हणतात. कोरम हा शब्द आपल्याला सोसायटीच्या सभेमुळे चांगला ठाऊक आहे. ठरलेली गणसंख्या भरल्याशिवाय ठराव मांडायचा नाही. मराठीत गणपूर्ती असाही शब्द आहे. १९९४ साली तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे नाव रूढ केलं, पण मूळ शोध त्याच्या बराच आधीचा आहे, आणि तो रोगाच्या अभ्यासातून आलाच नाही. तो उजेडातून आला.

समुद्रात व्हिब्रिओ फिशेरी नावाचा एक जिवाणू राहतो. तो अंधारात निळसर हिरवा प्रकाश देतो. १९७० साली केनेथ नील्सन आणि वूडी हेस्टिंग्ज यांनी असे प्रकाश देणारे सागरी जिवाणू चंचुपात्रातल्या पोषकद्रवात वाढवले तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. द्रव गढूळ होऊ लागतो, म्हणजे जिवाणू भराभर वाढताहेत. पण पात्र काळंच. तास जातात, काहीच नाही. मग एका टप्प्यावर उजेड असा वेगाने चढतो की जिवाणूंच्या वाढीचा वेग त्यापुढे काहीच नाही. प्रकाश देणारं यंत्र प्रत्येकाकडे आहे, मग इतका वेळ ते बंद का? पुढे हेही दिसलं, की दाट, चमकणाऱ्या पात्रातला द्रव घेऊन, त्यातले जिवाणू गाळून काढून तो नव्या, विरळ पात्रात टाकला, तर तिथले मोजके जिवाणूसुद्धा लवकर उजळतात. म्हणजे त्या द्रवात जिवाणूंनी सोडलेलं काहीतरी होतं, आणि तेच दिव्याचं बटण होतं.

एकेकटा जिवाणू माणसासारखा दुसऱ्या जिवाणूवर अवलंबून वागतो, हे तेव्हा पचायला जड होतं. त्याच्याही आधी, १९६५ साली, अलेक्झांडर टोमास यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूंत असाच एक संप्रेरकासारखा पदार्थ दाखवला होता. पण जिवाणू म्हणजे खाणारा, वाढणारा, दुभंगणारा एकांडा जीव, ही समजूत इतकी पक्की होती की अशा गोष्टींकडे बराच काळ निव्वळ नवलाई म्हणूनच पाहिलं गेलं.

व्हिब्रिओ फिशेरीचा तो रेणू १९८१ मध्ये ओळखला गेला. एसिल होमोसेरिन लॅक्टोन या कुळातला तो. नाव अवघड आहे, पण रचना सोपी आहे: एक छोटं कडं आणि त्याला जोडलेली कार्बनची शेपटी. दोनच वर्षांनी त्यामागची जनुकं सापडली. लक्स-आय नावाचं प्रथिन हा रेणू बनवतं. लक्स-आर नावाचं दुसरं प्रथिन त्याची वाट पाहत बसलेलं असतं. रेणू पुरेसा साचला की तो लक्स-आरला जाऊन चिकटतो आणि ती जोडी डीएनएवर बसून प्रकाशाची जनुकं चालू करते.

यातली खुबी अशी, की याच जनुकांच्या रांगेत लक्स-आयचं जनुकही आहे. म्हणजे संदेश ऐकू आला की जिवाणू तोच संदेश आणखी जोरात द्यायला लागतो. शेजाऱ्याला तो जास्त ऐकू येतो, तोही आवाज चढवतो. म्हणून तर बदल हळूहळू न होता एका झटक्यात होतो. कांदा दोन दिवस टणक राहतो आणि मग एकदम बसतो, त्याचंही कारण बरंचसं हेच. १९९३ साली संशोधकांनी मऊ कुजीच्या जिवाणूतलं हा रेणू बनवणारं जनुक मोडून पाहिलं. तो वाढत राहिला, पण सडवेना. बाहेरून रेणू घातला, पुन्हा सडवू लागला. आणि हा रेणू समुद्रातल्या दिवे लावणाऱ्या जिवाणूच्या रेणूचा सख्खा भाऊ निघाला. कित्येक वाणांत तर हुबेहूब तोच. कुठे समुद्र, कुठे बटाट्याचा ढीग, आणि शब्द एकच. मला हे वाचून पहिल्यांदा खरोखर अंगावर काटा आला होता.

व्हिब्रिओ फिशेरीला उजेड पाडून काय मिळतं, हेही सांगायला हवं. समुद्राच्या पाण्यात तो इतका विरळ असतो की कोरम कधी भरतच नाही. तो भरतो हवाईच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा स्क्विडच्या पोटात. स्क्विड म्हणजे आपल्या मासळीबाजारातला माकूल, फक्त हा जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा. दिवसभर वाळूत पुरून घेतो आणि रात्री उथळ पाण्यात शिकारीला निघतो. वर चंद्र असला की खालून पाहणाऱ्याला त्याची काळी सावली दिसणार. म्हणून तो पोटाखालच्या अवयवात हे जिवाणू पाळतो, त्यांना साखर आणि अमिनो आम्लं पुरवतो, आणि त्यांच्या उजेडाने आपली सावली पुसून टाकतो. वरून येणाऱ्या चांदण्याएवढाच उजेड खाली सोडता येईल असे पडदे त्या अवयवाला असतात. पहाट झाली की स्क्विड जवळपास ९५ टक्के जिवाणू बाहेर टाकून देतो. आत उरलेल्यांची संख्या एकदम घसरते आणि दिवा विझतो. दिवसभरात ते पुन्हा वाढतात, आणि रात्र होईपर्यंत कोरम पुन्हा भरलेला असतो. रोज.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो आपल्याकडे दर हिवाळ्यात फिरतो. जुहूला किंवा कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा फुटताना जी निळी चमक दिसते ती या जिवाणूंची नव्हे. ती बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाची. पाणी ढवळलं की तो चमकतो, शांत झालं की विझतो. जिवाणूंचा उजेड अखंड असतो, लुकलुकत नाही. तो समुद्रात मोठ्या प्रमाणावर दिसणं फार दुर्मीळ. जानेवारी १९९५ मध्ये सोमालियाजवळ लिमा नावाच्या ब्रिटिश व्यापारी जहाजाच्या खलाशांनी सगळा समुद्र दुधासारखा पांढरा झालेला पाहिला. दहा वर्षांनी शास्त्रज्ञांनी जुनी उपग्रहचित्रं काढून पाहिली तर तो डाग खरंच तिथे होता. क्षेत्रफळ सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर, आणि सलग तीन रात्री. एवढा उजेड पडायचा तर जिवाणू सुटेसुटे राहून चालणार नाही. शेवाळाच्या कणांवर ते दाटीने बसलेले असणार, असं मानलं जातं.

व्हिब्रिओ फिशेरीचा भाऊबंद आपल्याला जास्त जवळून माहीत आहे. व्हिब्रिओ कॉलेरी. पटकी. ज्या रोगाने आपल्याकडे गावंच्या गावं ओस पाडली, ज्याच्या भीतीने वेशीवरच्या मरीआईला नवस बोलले गेले, तो हा. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब आणि काही तासांत शरीरातलं पाणी संपणं, हे ज्या विषामुळे होतं ते विष १९५९ साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दाखवून दिलं. त्या कामाची दखल फार उशिरा घेतली गेली, याची खंत मला आजही वाटते.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या बॉनी बॅसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटकीच्या जिवाणूचा कोरम तपासला, तेव्हा सगळं उलटं निघालं. मऊ कुजीचा जिवाणू संख्या वाढली की हल्ला करतो. पटकीचा जिवाणू संख्या कमी असताना हल्ला करतो. आतड्यात थोडेसे पोचले की ते आतड्याला चिकटतात, एकमेकांना धरून चिकट थर करतात, विष बनवतात. संख्या भरपूर झाली, कोरम भरला, की विषाची जनुकं बंद. थर सुटतो. चिकटलेल्यांना सोडवणारं एन्झाइम चालू. आणि जुलाबाच्या लोंढ्याबरोबर ते बाहेर, पाण्यात, पुढच्या माणसाकडे. म्हणजे इथे कोरमचा ठराव हल्ल्याचा नसून निघण्याचा आहे. थोडा विचार केला तर तेही चोख आहे. ज्या रोगाचा मुक्काम काही दिवसांचाच, त्याला वेळेवर बाहेर पडणं हेच जगणं.

पटकीचा जिवाणू मुख्यतः दोन रेणू ऐकतो. सीएआय-१ हा भावकीतला, व्हिब्रिओंपुरता. एआय-२ हा मात्र कितीतरी वेगवेगळ्या जातींचे जिवाणू बनवतात. म्हणजे एकाने आपल्या माणसांची मोजणी, दुसऱ्याने एकूण गर्दीची. (एआय-२ च्या एका रूपात बोरॉन आहे, हे २००२ साली कळलं. बोरॉन जीवसृष्टीत फारसा कुठे वापरला जात नाही, आणि इथे तो निरोपात बसलाय.)

मग २०१० साली कॉर्नेल विद्यापीठात दोन संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या एका निरुपद्रवी वाणाला त्यांनी सीएआय-१ बनवायला शिकवलं आणि तो उंदरांच्या पिल्लांना आधी पाजला. नंतर पटकीचे जिवाणू दिले. आत आल्या आल्या त्यांना वाटलं, इथे तर आपली गर्दी आहे. विष फारसं बनलंच नाही आणि पिल्लं मोठ्या संख्येने वाचली. चार वर्षांनी बांगलादेशातल्या पटकीच्या रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू तपासताना रुमिनोकॉकस ओबियम नावाचा एक जिवाणू पुढे आला. रुग्ण बरा होताना तो वाढत जातो. उंदरांत तो पटकीच्या जिवाणूला आवर घालतो, आणि त्यात त्याने सोडलेल्या एआय-२ चाही हात आहे. म्हणजे प्रयोगशाळेत जे युक्तीने केलं, त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी आपल्या आतड्यात आपसूक चालू असतं.

आता औषधांकडे. या विषयावरचे बरेच लेख एका वाक्यावर थांबतात: जिवाणूंचं बोलणं तोडा, रोग संपेल. मला हे वाक्य अर्धवट वाटतं, आणि पटकीचं उदाहरण त्याला सरळ छेद देतं. पटकीच्या जिवाणूचं बोलणं तोडलं तर तो एकटा आहे असं समजून आणखी चिकटून बसेल, विष बनवत राहील. तिथे गप्प करून चालत नाही, मोठ्याने ओरडावं लागतं. जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसचंही तसंच आहे. त्याचा कोरम बंद केला तर विषं कमी होतात हे खरं, पण थर करून चिवटपणे बसून राहण्याची त्याची वृत्ती वाढू शकते. शरीरात बसवलेल्या एखाद्या कृत्रिम सांध्यावर असं झालं तर ते जास्त त्रासाचं.

हा थर म्हणजे काय, ते हाताला माहीत आहे. पिण्याच्या पाण्याचा माठ चार दिवस घासला नाही की आतून जो बुळबुळीतपणा लागतो, तो जिवाणूंचा थर. दातांवरचं कीटणही त्यातलंच. भाजलेल्या रुग्णांना आणि नळी घातलेल्या रुग्णांना छळणारा स्युडोमोनास एरुजिनोसा या थरात दडून बसला की प्रतिजैविकं त्याच्यापर्यंत धड पोचत नाहीत, पोचली तरी आतले सुस्तावलेले जिवाणू त्यांना दाद देत नाहीत. त्याचा थर नीट उभा राहायला आणि त्याच्या विषांना कोरमचा रेणू लागतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत मात्र बोलणं तोडण्याचा विचार योग्य जागी आहे.

निसर्गात हे आधीच कोणी कोणी करतं. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर डेलिसिया पुल्क्रा नावाचं लाल शेवाळ आहे. समुद्रात बुडालेल्या कोणत्याही वस्तूवर जिवाणूंचा थर चढतो, पण या शेवाळाची पानं स्वच्छ राहतात. ते फ्युरॅनोन नावाचे रेणू सोडतं, जे जिवाणूंच्या संदेशासारखेच दिसतात आणि ऐकणाऱ्या प्रथिनाला निकामी करतात. मातीतल्या काही बॅसिलस जिवाणूंकडे तर तो संदेशरेणू फोडणारं एन्झाइमच आहे. २००१ साली सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी त्याचं जनुक तंबाखूत आणि बटाट्यात घातलं, आणि ती झाडं मऊ कुजीला बरीच पुरून उरली. जिवाणू आत होते, मेले नाहीत, पण कोरम भरल्याचं त्यांना कळतच नव्हतं.

मारण्याऐवजी फक्त वागणूक बदलायची, यात एक मोठी आशा अशी की प्रतिकार करणाऱ्या जिवाणूंची निवड त्या मानाने कमी होईल. कमी होईल, अजिबात होणार नाही असं नाही. अशा रेणूंना न जुमानणारे जिवाणूही प्रयोगशाळेत सापडले आहेत. आणि आजपर्यंत या तत्त्वावरचं औषध दवाखान्यात रोजच्या वापरात आलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

जिवाणू खरंच बोलतात का, हाही वाद आहे. कॅनडाच्या शास्त्रज्ञ रोझमेरी रेडफिल्ड यांनी २००२ साली म्हटलं, की कदाचित जिवाणू गर्दी मोजतच नसेल. तो फक्त बघत असेल, आपण सोडलेली गोष्ट इथे टिकते की वाहून जाते. देवघरातला वास दाट आहे तो पन्नास उदबत्त्यांमुळे, की देवघरच कपाटाएवढं आहे म्हणून? पेशीला दोन्ही सारखंच. आणि खरोखर, नंतरच्या प्रयोगांत अतिसूक्ष्म थेंबात कोंडलेल्या एक ते तीन स्युडोमोनास पेशींनीही कोरम भरल्यासारखं वागून दाखवलं. मला वाटतं हा आक्षेप कोरमची कल्पना पाडत नाही, ती जमिनीवर आणतो. एन्झाइम बाहेर सोडावं की नाही हे ठरवताना शेजारी किती हा प्रश्न जेवढा महत्त्वाचा, तेवढाच ते वाहून जाईल का हाही.

शेवटची गोष्ट जिवाणूंची नाही, त्यांना मारणाऱ्या विषाणूंची आहे. व्हीपी-८८२ नावाचा एक विषाणू पटकीच्या जिवाणूत शिरून गप्प पडून राहतो. प्रिन्स्टनच्याच प्रयोगशाळेत २०१९ साली दिसलं, की या विषाणूकडे जिवाणूचा कोरमरेणू ओळखणारं प्रथिन आहे. जिवाणू एकमेकांना आपण पुरेसे झालो असं सांगतात तेव्हा तो चोरून ऐकतो. जिवाणू थोडे असताना बाहेर पडला तर त्याच्या पिल्लांना पुढचं घर मिळणार नाही. म्हणून तोही थांबतो. कोरम भरला की मगच तो आपल्या यजमानाला फोडतो, कारण आता आजूबाजूला भरपूर घरं आहेत. संशोधकांनी या विषाणूचे कान बदलले, आपल्याला हवा तो इशारा त्याला ऐकायला लावला, आणि त्या इशाऱ्यावर त्याने प्रयोगशाळेत पटकीचे, साल्मोनेलाचे आणि ई. कोलायचे जिवाणू फोडून दाखवले.